मेलेल्या झाडाचा कान

आमच्या घरात हिशेबाच्या दोन पद्धती होत्या. आण्णा कागदावर मांडायचे आणि आई शेळीच्या कानावर. आण्णा म्हणजे माझे वडील, दिंद्रुडच्या पलीकडच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर गुरुजी होते. भूगोल आणि गणित शिकवायचे, आणि पगार झाला की (तो पहिल्या तारखेला कधीच होत नसे) पाठकोऱ्या कागदावर किराणा, दूध, रॉकेल, माझ्या वह्या असे रकाने पाडायचे. आईचं माहेर आष्टीकडचं, शेळ्या-मेंढ्यांच्या मागं हिंडणारं. ती शाळेत एकही दिवस गेली नव्हती, पण समोरून कळप गेला तर त्यात गाभण किती आणि लंगड्या किती, हे भाकरी थापता थापता सांगायची. लग्नात तिच्या वडिलांनी तिला दोन शेळ्या दिल्या होत्या. त्या दोनाच्या पुढं सहा झाल्या, पण आमच्या दारात कधी बांधल्या गेल्या नाहीत, कारण गुरुजींच्या दारात लेंड्या बऱ्या दिसत नाहीत, असं आण्णांचं म्हणणं होतं. म्हणून त्या गावाच्या कडेला राहणाऱ्या गयाक्काकडं अर्धलीनं दिलेल्या होत्या.

अर्धल म्हणजे शेळी आईची, राखण गयाक्काची, आणि होतील ती करडं निम्मी-निम्मी. कागद नाही, सही नाही, जामीनदार नाही. शेळीच्या उजव्या कानाला आईच्या दोन खाचा असायच्या, तेवढीच काय ती नोंद. शेळी मेली तर गयाक्कानं तो कान कापून आणून दाखवायचा. कान आला की विषय मिटला. एका सकाळी आई चुलीपुढं बसली होती, भाकरीचा थापथाप आवाज चालला होता, तव्यावरच्या बाजरीचा खरपूस वास घरभर होता, आणि गयाक्का उंबऱ्याशी येऊन बसली. तिनं कनवटीची चिंधी सोडली आणि आतला कान जमिनीवर ठेवला. "वैनी, लांडग्यानं धरली. एवढंच ऱ्हायलं." आईनं पिठाचा हात पदराला पुसला, कान उचलून अंगठ्यानं खाचा चाचपल्या आणि म्हणाली, "माजीच हाय. मिटलं." मग गयाक्काला गरम भाकर आणि ठेचा दिला. ती गेल्यावर मी विचारलं, "आई, तिच्याकडून पैसे नाही घ्यायचे?" आई म्हणाली, "तिनं काय लांडगा सांगून आणलता का? माजी शेळी गेली, तिची सालभराची राखण गेली. दोघींचं बी गेलं." मला हा व्यवहार अत्यंत अडाणी वाटला. मी दहावीत होते आणि मला चक्रवाढ व्याज येत होतं.

हे आता लिहायला बसण्याचं कारण पुण्यात नोकरी करणारा माझा मुलगा. परवा फोनवर म्हणाला, "आई, बँक मला न मागता कर्ज देतीय, अकरा टक्क्यांनी. ते काढून फंडात टाकतो. पंधरा टक्के सुटतात. मधले चार टक्के फुकट." मी विचारलं, "हे पंधरा टक्के तुला कुणी सांगितले?" म्हणाला, "कुणी नाही, मीच काढले. एक्सेलवर." कुण्या ठगानं सांगितले असते तर मला एवढी काळजी वाटली नसती. माणूस दुसऱ्याच्या थापेवर भाळतो, पण त्याहून कितीतरी जास्त तो स्वतः काढलेल्या आकड्यावर भाळतो. हे मला सोळाव्या वर्षापासून ठाऊक आहे, आणि ते कसं ठाऊक झालं ते मी त्याला फोनवर सांगू शकले नाही. फोनवर एवढा वेळ तो देत नाही.

मी दहावीत होते त्या पावसाळ्यात आमच्याकडं खोसे साहेब आले. हे आण्णांच्या हेडमास्तरांचे मेहुणे. आधी ते बियाण्याच्या दुकानात होते, मग खताच्या, आणि आता झाडांत आले होते. म्हणजे बी, खत, झाड अशी त्यांची शास्त्रशुद्ध वाढ झालेली होती. अंगात सफारी, हातात कुलपाची बॅग, आणि बॅगेत एक अल्बम. कंपनीच्या नावात हरित, सुवर्ण आणि समृद्धी असे तीन शब्द होते. त्यांचा क्रम मला आता आठवत नाही, पण कुठल्याही क्रमानं लावले तरी अर्थ तोच निघायचा. योजना साधी होती. हजार रुपयाला सागाचं एक झाड. जमीन कंपनीची, पाणी कंपनीचं, राखण कंपनीची. वीस वर्षांनी झाड तोडायचं आणि तुमच्या हातात पन्नास हजार रुपये ठेवायचे. अल्बममध्ये एक गृहस्थ झाडाला मिठी मारून उभे होते. ते झाड कंपनीच्या वयापेक्षा मोठं होतं, पण ही वजाबाकी आमच्यापैकी कुणी केली नाही.

आई आतून चहा घेऊन आली आणि दारातच थबकली. "म्हंजे अर्धलीचाच परकार की," ती म्हणाली.

"नाही मॅडम, अर्धं नाही. पूर्ण तुमचं," खोसे साहेब म्हणाले. आईला मॅडम म्हणणारा तो पहिला माणूस.

"पुरं कोण देतंय? आमची गयाक्का बी देत न्हाई. अन् मेलं तर?"

"झाड मरत नाही, मॅडम. शेळी मरते, झाड मरत नाही."

"आमच्या आष्टीकडं तर झाडंच आदी मरत्यात, शेळ्या मागनं," आई म्हणाली. "अन् मेलंच तर कान कोन आनून दावनार?"

खोसे साहेबांना अर्धलीचा रिवाज ठाऊक असावा, कारण ते मांडीवर हात मारून हसले. "झाडाला कुठं कान असतो, मॅडम!" आण्णा हसले. मीही हसले, आणि मला वाटतं सगळ्यांत मोठ्यानं मीच हसले. आईनं चहाच्या कपबशा ठेवल्या आणि आत गेली.

पैशाचं बोलणं निघालं की आण्णा पुस्तकी मराठीत यायचे. एरवी "भाकर वाढ गं" म्हणणारा हा माणूस "भांडवलाची उभारणी" म्हणायला लागला की आई पातेल्यावरचं झाकण जरा जोरात ठेवायची. आमच्याकडं भांडवल नव्हतं. होती ती शिक्षकांची पतसंस्था, आणि ती पंधरा टक्क्यांनी कर्ज द्यायची. वीस झाडांसाठी वीस हजार काढायचे, हप्ता महिन्याला चारशे शहात्तर, पाच वर्षं पगारातून कापला जाणार. कर्ज काढून गुंतवावं की नाही, हा प्रश्न आण्णांना पडला आणि त्यांनी तो रविवारच्या दुपारी माझ्यापुढं ठेवला. शाळेतल्या पोरांपुढं उदाहरण ठेवावं तसा. "सुमन, हजाराचे वीस वर्षांत पन्नास हजार. चक्रवाढीनं दर काढ."

आता मी तो दिवस आठवते तेव्हा मला सगळ्यांत आधी लाज आठवत नाही, आनंद आठवतो. बाहेर भुरभुर चालली होती, आई शेंगदाणे भाजत होती, आणि मी लॉग टेबल उघडलं. पन्नासचा लॉग एक पूर्णांक सहा नऊ नऊ शून्य. त्याला वीसनं भाग. त्याचा अँटिलॉग. उत्तर आलं, दर साल शेकडा एकवीस पूर्णांक सहा. पतसंस्था पंधरा घेते, झाड साडेएकवीस देतं. मधले साडेसहा टक्के आमचे, आणि तेही दुसऱ्याच्या पैशावर. मी कागदाच्या तळाशी लिहिलं, "म्हणून कर्ज काढणे फायद्याचे आहे," आणि खाली पट्टीनं दोन रेघा ओढल्या. आण्णांनी तो कागद दोनदा तपासला. एकही चूक नव्हती. आजही नाही; मी नोकरीभर लेखा विभागात होते, निवृत्तीला आल्यावर एकदा सहज पुन्हा तपासला. आई शेंगदाण्याची साल फुंकता फुंकता म्हणाली, "पोरी, त्येच्यात झाड कुठं मांडलंस?" मी म्हटलं, "आई, झाड मांडायचं नसतं, दर मांडायचा असतो." आण्णांना हे उत्तर इतकं आवडलं की त्यांनी ते दुसऱ्या दिवशी शाळेत सांगितलं. कागदही नेला.

तिथं खरा अनर्थ झाला. शाळेत हेडमास्तरांसकट सात गुरुजी होते. एका पोरीनं लॉग टेबलानं सिद्ध केलेली गोष्ट नाकारायची तर आपल्याला लॉग येत नाहीत असं दिसलं असतं. म्हणून सातही जणांनी झाडं घ्यायची ठरवली. पतसंस्थेचा नियम होता की कर्जदाराला दोन जामीनदार हवेत आणि ते शिक्षकच हवेत. आमच्याकडं ही नेहमीची रीत. जामीन मागायला कुणी लांब जात नाही. शेजारच्या खुर्चीवरचा सही देतो आणि आपण त्याला देतो. दुपारच्या सुट्टीत हजेरीच्या शाईनं चौदा सह्या झाल्या. आण्णांना जामीन शेख गुरुजी आणि हेडमास्तर, शेख गुरुजींना जामीन आण्णा आणि आणखी एक, असं करत वर्तुळ पुरं झालं. म्हणजे झाड बुडालं तर ज्याच्याकडं वसुलीला जायचं, त्याचंही झाड त्याच रानात बुडालेलं असणार होतं. हे त्या दिवशी फक्त शेख गुरुजींच्या ध्यानात आलं. ते आण्णांचे जिवलग, आणि त्यांच्या जिभेला हाड नव्हतं. सही करून पेनाचं टोपण लावताना म्हणाले, "बे मास्तर, आपुन सात जन येकमेकाच्या खांद्यावर हात टाकून हिरीच्या काठावर उभं हाव. येक घसरला की समदे आत."

"म्हणूनच कुणी घसरणार नाही," आण्णा म्हणाले. पुस्तकी मराठीत.

पहिला हप्ता कापला गेला त्या महिन्यात घरात गोडेतेल निम्मं आलं. भाजीला फोडणी देताना मोहरी तडतडायची तो आवाज लवकर थांबायला लागला. दिवाळीच्या सुट्टीत खोसे साहेबांनी झाडं दाखवायची म्हणून जीप ठरवली. भाडं अर्थात सात जणांत वाटलेलं. आईनं अडवलं, "माज्या नवऱ्याच्या पगारातनं जी झाडं पानी पित्यात ती मला बी बघू द्या." आई निघाली म्हणून मीही निघाले. सात गुरुजी, आई, मी, खोसे साहेब आणि ड्रायव्हर, मिळून अकरा जण, म्हणजे आमच्याकडच्या जीपच्या मानानं ती मोकळीच होती. पहाटेच निघालो. आईनं वीस-पंचवीस धपाटे, डब्यात घट्ट दही आणि शेंगदाण्याची चटणी घेतली होती. एका बाभळीखाली उतरून आम्ही ते खाल्लं आणि सगळ्यांनी आपापली झाडं कितीची झाली असतील याचा अंदाज केला. शेख गुरुजींना सगळ्यांनी विचारलं, वीस वर्षांनी काय करणार? ते म्हणाले, "काय न्हाई, झाड तोडायला कुऱ्हाड इकत घ्यावी लागंल, तिच्यासाठी कर्ज काढीन."

कंपनीचं रान डोंगराच्या उताराला होतं. फाटकावर कमान, कमानीवर ते तीन शब्द. आत शिरल्यावर पहिल्या दोन ओळी खरोखर सागाच्या होत्या, गुडघ्याएवढ्या, सुपासारखी पानं असलेल्या. गुरुजींनी एकमेकांकडं पाहिलं आणि मोठमोठ्यानं बोलायला लागले. पण आमचे नंबर मागं होते. आण्णांचे चारशे सतरा ते चारशे छत्तीस. मागच्या उतारावर नुसत्या काटक्या रोवलेल्या होत्या आणि प्रत्येक काटकीला तारेनं पत्र्याची पाटी बांधलेली, पाटीवर लाल रंगात नंबर. आण्णांनी चारशे सतरा शोधला. त्याच्यापुढं उभं राहताना त्यांनी चपला काढल्या.

आई वाकली. तिनं काटकीची साल अंगठ्याच्या नखानं खरवडली, मग टोक धरून वाकवलं. कट्ट आवाज झाला. "अवो," ती म्हणाली, "ही पऱ्हाटी हाय."

पऱ्हाटी म्हणजे कापसाचं वाळलेलं झाड. आमच्याकडं ते चुलीत घालतात. ते सातही गुरुजी शेतकऱ्यांची पोरं होती. सातांनीही जन्मात शेकड्यांनी पऱ्हाट्या उपटल्या होत्या, त्यांचे भारे बांधले होते, त्यांच्यावर भाजलेल्या भाकरी खाऊन लहानाचे मोठे झाले होते. अंधारात हात लावला असता तरी ओळखली असती. पण आता तिला नंबर लागला होता, आणि नंबर लागलेली वस्तू मास्तर सहसा नाकारत नाही.

"मॅडम, तो आधार आहे," खोसे साहेब म्हणाले. "रोप खाली आहे. सध्या पानगळ चालू आहे."

"साग पानझडी वृक्ष आहे," आण्णा म्हणाले. "भूगोलाच्या पुस्तकात आहे."

"मग म्होरच्या दोन वळीची पानं कावून न्हाईत गळाली?" आईनं विचारलं.

"ती वेगळी बॅच आहे, मॅडम."

बॅच म्हटल्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. बॅच वेगळी असली की निकाल वेगळा लागतो, हे शाळेत सगळ्यांना माहीत असतं. शेख गुरुजी आईच्या जवळ आले आणि हळूच म्हणाले, "वैनी, जरा बारीक बोला. त्या पऱ्हाटीवर माजी सही हाय." त्यांच्या बोलण्यात थट्टा होती, पण चेहरा थट्टेचा नव्हता. एकानं पऱ्हाटी म्हटलं असतं तर चौदाच्या चौदा सह्या हलल्या असत्या. म्हणून सात जणांनी मिळून तिला साग म्हटलं. कर्ज स्वतःचं असतं तर एखादा तिथं खवळला असता. इथं प्रत्येकाच्या खवळण्याला दुसरा जामीन होता. आण्णांनी मग आपली पाण्याची बाटली उघडली आणि उरलेलं प्यायचं पाणी चारशे सतराच्या बुडाशी ओतलं. सगळं. शेवटचे थेंब पडेपर्यंत बाटली उलटी धरून ते उभे राहिले. मी त्यांच्या मागं उभी होते, आणि माझ्या लक्षात आलं की आण्णांनाही कळलेलं आहे. धपाटे उरले होते, ते आईनं परत येताना ड्रायव्हरला दिले.

जूनमध्ये माझा निकाल लागला. गणितात दीडशेपैकी एकशे सत्तेचाळीस. आण्णांनी पेढे वाटले आणि संध्याकाळी मला जवळ बसवून म्हणाले, "सुमन, या वर्षी आपण थांबू." ठरलं असं होतं की मी अंबाजोगाईला अकरावी विज्ञानाला जायचं. वसतिगृह आणि खानावळ मिळून महिन्याला साडेचारशे लागणार होते. हप्ता चारशे शहात्तर होता. आण्णांनी ते दोन आकडे एकाखाली एक मांडून मला दाखवले. वजाबाकी त्यांनी केली नाही, मला येत होती. "तू वर्षभर घरी अभ्यास कर. पुढच्या वर्षी बघू. वीस वर्षांनी तर काळजीच नाही," असं ते म्हणाले, आणि शेवटचं वाक्य म्हणताना ते माझ्याकडं न बघता कंदिलाच्या काचेकडं बघत होते. मी माझा तो कागद काढून बसले. त्यात वीस वर्षांचा हिशेब होता, जून महिन्याचा नव्हता. मीच सिद्ध केलं होतं की मी घरी बसणं साडेसहा टक्क्यांनी फायद्याचं आहे. गावात एक वर्ष घरी बसलेल्या पोरीचं दुसऱ्या वर्षी काय होतं, हे मला माहीत होतं. माझ्या वर्गातल्या दोघींची लग्नं त्याच महिन्यात ठरली होती.

दुसऱ्या दिवशी आई गयाक्काकडं गेली, मला घेऊन गेली. पाच शेळ्यांच्या दीड वर्षातल्या वेतांत आईच्या वाट्याला सात करडं आली होती. आईनं बोटांवर हिशेब केला आणि म्हणाली, "आक्के, सातात दहा म्हयने निघत न्हाईत. येक कमी पडतंय."

गयाक्का शेणाची पाटी खाली ठेवून म्हणाली, "माज्यातलं न्हे की. म्होरल्या येताला फिरवून घिऊ."

"अन् म्होरल्या येताला न्हाई झालं तर?"

"न्हाई झालं तर न्हाई झालं. पोरगी तर शिकंल." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "काय गं, पळून तर येनार न्हाईस ना परत? माजं बोकड हाय तुज्यावर."

कर्ज काढून गुंतवावं का, या प्रश्नावर मी नंतर पुष्कळ वाचलं, लोकांना सल्लेही दिले. पण माझ्या आईनं कर्ज काढून एकदाच गुंतवणूक केली ती ही: एक करडू उसनं घेऊन पोरीला अंबाजोगाईला पाठवलं. देणारी घेणारीइतकीच गुंतलेली होती, आण्णांच्या कर्जाशी फरक असलाच तर हा. आठ करडं बाजारात गेली. बाजारात त्यांच्या ओरडण्याचा आवाज मला आवडला नाही, पण खानावळीच्या पहिल्या भाकरीच्या वेळी तो आठवला आणि मी ताट पुसून खाल्लं.

दुसऱ्या वर्षी दिवाळीत मी घरी आले तेव्हा कंपनीचं शटर पडलेलं होतं. खोसे साहेब बोअरच्या मोटारींत गेले होते. झाडानंतर पाणी, हीही तशी शास्त्रशुद्ध वाढच. सहा गुरुजी शाळेत त्या विषयावर बोलेनासे झाले. आण्णा मात्र एका सकाळी काही न सांगता एसटीनं गेले आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आले. धोतर धुळीनं भरलेलं. आई चुलीपुढं बसली होती, मी तिच्याजवळ पीठ मळत होते. आण्णा उंबऱ्याशीच बसले, जिथं गयाक्का बसायची तिथं, आणि त्यांनी खिशातून रुमाल काढून उलगडला. आत पत्र्याची पाटी होती. चारशे सतरा. ते रान मुळात भाड्याचं होतं. मालकानं नांगरून तिथं ज्वारी पेरली होती आणि पाट्यांचा ढीग गोठ्यात टाकला होता. आण्णा निम्मा दिवस तो ढीग उपसत होते. बाकीच्या एकोणीस सापडल्या नाहीत.

"मेलं," आण्णा म्हणाले. पुस्तकी मराठी कुठंच नव्हती. "समदंच मेलं."

आईनं पिठाचा हात पदराला पुसला. पाटी उचलली, तिच्या काठावरून अंगठा फिरवला, तार ओवायच्या भोकावर थांबली. "तुमचंच हाय का?"

"माझंच हाय."

"मिटलं," आई म्हणाली, आणि तव्यावरची भाकर त्यांच्यापुढं ठेवली.

मला रडू आवरेना. मी म्हटलं, "आण्णा, कागद माझा होता." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, ठेच्याला लावला, आणि म्हणाले, "कागद बरोबर होता गं. झाड खोटं होतं." एवढं बोलून ते जेवायला लागले. ती पाटी आता माझ्याकडं, लॉग टेबलाच्या पुस्तकात आहे. परवा मुलाला तिचा फोटो पाठवला. त्यानं विचारलं, "हे काय, घर नंबर?" मी लिहिलं, "दिवाळीत ये, सांगते. तोवर बँकेला थांबव."

पतसंस्थेला अर्थात असला कान चालत नव्हता. हप्ते चालूच राहिले. सातांपैकी एकानंही हप्ता चुकवला नाही, कारण चुकवला असता तर तो शेजारच्या खुर्चीवरच्याच्या पगारातून कापला गेला असता आणि मग दुपारचा डबा एकत्र कसा खायचा? बुडीत झाडांचं कर्ज इतक्या प्रामाणिकपणे फेडलेलं पतसंस्थेनं दुसरं पाहिलं नसेल. साठावा हप्ता कापला गेला तेव्हा मी शिक्षण संपवत आले होते आणि सुट्टीला घरी होते. आण्णांनी पतसंस्थेकडून कर्ज फिटल्याचा बेबाकी दाखला आणला, सोबत पावशेर पेढे. एकूण अठ्ठावीस हजार पाचशे साठ भरले होते. दाखला देवापुढं ठेवून ते आईला म्हणाले, "मिटलं एकदाचं."

"माजं तवाच मिटलतं," आई म्हणाली. तिनं पेढ्याचा कागद सोडला, एक गयाक्कासाठी बाजूला काढला आणि म्हणाली, "आता म्होरल्या म्हयन्यापासनं ते चारशे शहात्तर माज्याकडं द्या. गयाक्काकडं दोन शेळ्या वाढवायच्यात."

आण्णांचा हात सवयीनं पाठकोऱ्या कागदाकडं गेला. "दोन शेळ्या म्हणजे... टक्के किती सुटतील?"

"त्ये काय मला ठावं न्हाई," आई म्हणाली. "अन् पोरीला इचारू नका."